सगळ्यांच्या मागून

मालाडच्या मॉलमध्ये, चौथ्या मजल्यावर,
उणे सहा अंश राखायचं काम माझं.
कागदोपत्री चिलर ऑपरेटर.
आई सांगते, 'आमचा सुहास बर्फात असतो,'
आणि चाळीतल्यांना वाटतं, ससून डॉकला, मासळीच्या.

मेमधल्या एका मंगळवारी मालकांनी स्कीवाले बोलावले.
मागचं गोदाम तोडून ऐंशी फुटांचा उतार करायचा होता,
त्याला काय काय लागतं ते विचारायला.
सातजण आले, घामानं निथळत,
हातात लोकरी टोप्या.
मला टिपणं घ्यायला बसवलं, अक्षर बरं म्हणून.

मुलुंडचा एक डेंटिस्ट म्हणाला, आधी बर्फ.
'बर्फ आहेच की,' मी म्हणालो. तो हसला.
मला बर्फ तीन तऱ्हेचा ठाऊक:
सकाळचा रवा, बुटाखाली करकरणारा;
दुपारचा साबुदाणा, माणसांच्या श्वासानं भिजलेला;
आणि रविवार सरता सरता खडीसाखर,
तिच्यावर मुलं आपटतात आणि आया माझ्याकडे बघतात.
त्यांना हवं होतं पीठ.
तांदळाचं, गुडघाभर, कुणी पाऊल न टाकलेलं.
लिहिलं: पीठ.

मग सुटलेच सगळे.
लिफ्टला रांग नको. असलीच तर कुणी घुसायला नको.
नवख्यांचा उतार वेगळा हवा,
नाहीतर ते मांजरासारखे आडवे येतात.
सोनटक्के म्हणून एक होते, त्यांना नकाशा हवा.
ऐंशी फुटांचा नकाशा!
एक मुलगी म्हणाली, झाडं.
झाडं नसली की धुक्यात वर कुठलं, खाली कुठलं कळत नाही,
पांढऱ्यात पांढरं, उभ्या उभ्या पोटात ढवळतं.
मालक म्हणाले, प्लास्टिकची चालतील?
ती बराच वेळ विचार करत राहिली.
संडास मोठा हवा, कपड्यांचे सात थर उतरवता येतील एवढा.
यावर मात्र सातांचं एकमत.

सातांचं नाही, सहांचं. पेरीनबाई दुबाश गप्प होत्या.
वय एकाहत्तर, ताडदेवहून टॅक्सीनं आलेल्या,
जुन्या लाकडी स्की टपाला बांधून.
वाटेत हवालदारानं विचारलं म्हणे,
बाई, वल्ही घेऊन कुठं निघालात?

त्या माझ्याकडे वळल्या. 'बाबा, तू लिही.
खिला पायजे. ओले मोजे टांगायला, सगडीच्या बाजूला.
आनि एक मानूस पायजे.
सांजचा लिफ्ट बंद झाला का
सगल्यांच्या मागून उतरनारा.
झाडाच्या पाठी बघते, खड्ड्यात बघते.
बूम नाय मारत. उभा राहते, ऐकते.
माझा होर्मस एकदा वरती राहिला.
ते दिवशी तो मानूस रजेवर होता.'

कुणी काही बोललं नाही.
चिलरचा आवाज एरवी एवढा ऐकू येत नाही.
मालकांनी समोसे मागवले.
मी खिळा लिहिला.
पुढचं कुठल्या रकान्यात घालायचं ते सुचेना.

उतार काही झाला नाही. गोदामात आता ट्रॅम्पोलिन आहे,
त्याला चिलर लागत नाही.

रात्री सव्वादहाला, दिवे मालवण्याआधी,
मी प्लास्टरच्या पेंग्विनमागे डोकावतो,
घसरगुंडीखाली, इग्लूत,
वाकता येत नाही तिथं रांगत.
हे आधीही करायचो का, आठवत नाही.
मग पंखे अर्धं मिनिट बंद ठेवतो,
ठेवायचे नसतात,
आणि उभा राहतो.

वहीत लिहितो:
उणे सहा. दोन नंबरचा पंखा खडखडतोय.
हातमोजा एक, लाल, डाव्या हाताचा, खिळ्याला लावला.
आत कुणी नाही.